मालवणला लिफ्टने जायचं, स्वस्तात झोपायचं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोललेले शक्य तितके तसेच ठेवले आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. आपल्या सोसायटीतली पाच मुलं, तीन मुलगे आणि दोन मुली, डिसेंबरात मालवणला जायचं म्हणतात. सॅक पाठीला, वाटेत लिफ्ट मागायची, आणि रात्र होईल तिथे स्वस्तात झोपायचं, असा त्यांचा बेत. पाच घरांत पंधरा दिवस त्यावर जेवणं थंड होतायत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण भिंती आपल्या सगळ्यांच्याच पातळ आहेत. तीन आयांनी मला सांगितलं, "तुम्ही मालवणच्या, तुम्हीच समजवा पोरांना." पोरांनीही येऊन सांगितलं, "काकू, तुम्हीच समजवा आईला." आता दोन्ही पार्ट्या समोर आहेत, तर माझ्याकडे जी माहिती आहे ती मांडते.

माहिती माझ्याकडे दोन बाजूंनी आलीय. माझं माहेर मालवणचं, वायरीचं. लहानपणी आणि नंतर शाळेत शिकवत असताना सुट्टीत मी या रस्त्यांवर शेकडो वेळा कुणाच्या तरी गाडीत बसून गेलेय. आणि गेली काही वर्षं भाऊ-वहिनी घरामागच्या चार खोल्या पर्यटकांना देतात. म्हणजे दारात उभं राहून जागा मागणारा कसा दिसतो, तेही मी आतून बघितलंय.

आधी जाण्याचं. मुलांच्या मनात मुंबई-गोवा हायवेला पनवेलला उभं राहून हात करायचा असं आहे. ते काढून टाका. पाच जणांना, पाच सॅकसकट, कुठला गाडीवाला घेणार? हायवेवर गाड्या थांबण्यासाठी धावत नसतात, आणि पाचशे किलोमीटरचा प्रवास लिफ्टवर टाकला तर पहिली रात्र माणगावच्या स्टँडवर जाईल. दिव्याहून सकाळी सावंतवाडी पॅसेंजर सुटते. जनरलचं तिकीट काढा, डबा घ्या, संध्याकाळी कुडाळला उतरा. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधी आम्ही रात्रभर एसटीत आपटत जायचो. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना ही पॅसेंजर कितीही रखडली तरी विमानासारखी वाटते. (विमानतळही आहे म्हणा, चिपीला, 2021 पासून. पण तो आजचा विषय नाही.)

कुडाळपासून मालवण तीसेक किलोमीटर. नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके. धामापूरचा तलाव वाटेतच आहे, तिथे उतरून पाय बुडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लिफ्टचा खरा प्रांत इथून सुरू होतो. तालुक्याच्या रस्त्यावर एसटी तासा-दीड तासाने असते, गाडीवाला माणूस ओळखीचा नसला तरी ओळखीतला असतो, आणि कुणी तिठ्यावर उभं आहे म्हणजे त्याची एसटी चुकलीय हे लहान पोरालाही कळतं. लिफ्ट मागणं हा तिकडे काही साहसी प्रकार नाही. शाळेची मुलं, नर्सबाई, बाजारातून येणारी म्हातारी, सगळे मागतात.

आता ती कशी मागायची. मुलांनी यूट्यूबवर अंगठा वर केलेला बघितलाय. अहो, आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय? ठेंगा! म्हातारा स्कूटरवाला बघेल आणि म्हणेल, ह्यो माका कित्याक ठेंगो दाखयता? तळहात खाली करून हात हलवायचा, सावकाश, जसा एसटीला करतो तसा. वळणावर उभं राहायचं नाही, तिथे गाडीवाल्याला तुम्ही दिसता तेव्हा तो पुढे गेलेला असतो. तिठा, स्पीडब्रेकर, पेट्रोल पंप, दुकानाची पडवी, या जागा. गाडी थांबली की आधी आपण सांगायचं कुठे जायचंय ते, मग त्यांनी. पहिला प्रश्न येणार, "खंयसून इलास?" आणि दुसरा, "तू कोणाचो?" त्याला राग मानायचा नाही. पण त्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी नंतर येणार आहे, तो दिसतो तेवढा साधा नाही.

पाच जणांनी एकत्र उभं राहू नये. दोघं आणि तिघं, आणि मुली कधीही एकट्या नाहीत. दोघी एकत्र, किंवा एक मुलगा बरोबर. अंधार पडला की लिफ्ट बंद, मग एसटी नाहीतर रिक्षा, पैसे लागले तर लागले. गाडीचा नंबर बसायच्या आधी बाकीच्यांना पाठवायचा, आणि पाठवताना तो मोठ्याने म्हणायचा. भला माणूस हसतो. जो चिडतो त्याच्या गाडीत बसायचंच नाही, एवढी सोपी परीक्षा आहे. नको वाटलं तर कारण द्यायची गरज नाही, "आमचे लोक मागून येतायत" म्हणायचं आणि दोन पावलं मागे व्हायचं. 112 हा नंबर फोनमध्ये नुसता असून उपयोग नाही, बोटाला माहीत पाहिजे.

आणि मुलींच्या आयांसाठी एक हिशोब. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. कुडाळ ते मालवण मुलीला एसटीने जायला जे पडतं त्यात इथे रिक्षा स्टेशनपर्यंत येत नाही. म्हणजे पैशांसाठी लिफ्ट मागायची मुलींना तशी गरजच नाही. त्यांना ती मजा म्हणून पाहिजे असेल तर तसं म्हणावं, आणि मजा हे कारण मला पुरतं. पण घरात "पैसे वाचतात" असं सांगू नये.

ट्रकबद्दल स्पष्ट सांगते, कारण चिऱ्याचे ट्रक आणि माशांचे टेम्पो त्या रस्त्याला भरपूर, आणि ते थांबतातही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाला अपघात झाला तर विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 सालचा निकाल आहे. म्हणजे तुमचं काही झालं तर तो बिचारा टेम्पोवाला स्वतःच्या खिशातून उद्ध्वस्त होणार. तेव्हा टेम्पोच्या हौद्यात बसून केस उडवत रील काढायचं स्वप्न असेल तर त्याच्यासाठी सोडून द्या. स्कूटरवर बसलात तर मागच्यालाही हेल्मेट लागतं, आणि लिफ्ट देणाऱ्याकडे दुसरं हेल्मेट नसतं. एक आपलं न्यायचं, सॅकला बाहेरून बांधून. ते बघूनच माणूस थांबतो असा माझ्या भाच्याचा अनुभव आहे.

पैसे द्यायचे का, हा प्रश्न मुलांनी विचारला. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं घेणं बेकायदा आहे. 2018 साली आपल्या इथे ऐरोलीला पावसात तिघांना गाडीत घेतलेल्या एका गृहस्थांना दंड झाला होता, तुम्हाला आठवत असेल, पेपरात गाजलं होतं ते. तेव्हापासून लोक जरा बिचकतात. नोट पुढे केलीत तर तो अपमान समजेल किंवा पुढच्या वेळी मागायला लागेल, दोन्ही वाईट. चौक्याला टपरी आली की "काका, चहा घेऊया" म्हणा. तेवढं बरोबर होतं.

आता झोपण्याचं. खरी गुंतागुंत इथे आहे.

पहिली गोष्ट, 24 ते 31 डिसेंबरला जाऊ नका. त्या आठवड्यात तारकर्ली-देवबागला स्वस्त हा शब्द कुणी ऐकून घेत नाही. तसंच मे महिना, दिवाळीची सुट्टी, आणि आंगणेवाडीची जत्रा. जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे कॅलेंडर बघून कळत नाही. गणपतीत तर वेगळीच गंमत, चाकरमानी घरी येतात आणि भाड्याच्या खोल्या घरच्यांनाच पुरत नाहीत. पावसाळ्यात खोल्या स्वस्त, पण किल्ल्याच्या होड्या बंद, समुद्र खवळलेला, आणि जून-जुलै मासेमारी बंदी. मालवणला जाऊन सुकं खाणार का? डिसेंबरचा पहिला पंधरवडा चांगला. मुलांनी तारखा बदलल्यात असं मला आज खाली कळलं, म्हणजे माझं अर्धं काम झालंच.

"आम्ही वाळूतच झोपू, काकू." हे वाक्य प्रत्येक पिढीत कोणीतरी म्हणतं. दिवसा किनारा मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा आहे असं वाटतं. पहाटे तिथे रापण लागते. चाळीस-पन्नास माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत असतात, आणि मध्ये तुमचा तंबू! वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये हे तुम्हाला माहीत नसतं, आणि ते जाळं म्हणजे त्या वाड्याचं वर्षाचं पोट असतं. भरतीचं पाणी रात्री कुठवर येतं ते वाळूची ओली रेघ सांगते, पण ती अंधारात दिसत नाही. शिवाय नोव्हेंबरनंतर आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला लोक त्यांची घरटी राखतात. शेकोटी, टॉर्च, गाणी, यांनी कासवीण पाण्यातूनच परत फिरते. संध्याकाळी वाळूत बसा, नऊ वाजेपर्यंत बसा, मग उठून छपराखाली जा.

देऊळ. गणपतीपुळ्याला संस्थानचं भक्तनिवास आहे, तिथे रीतसर पैसे भरून साधी खोली मिळते, आणि वाट वाकडी करायची असेल तर तो चांगला मुक्काम आहे. पण गावच्या देवळाच्या मंडपात झोपणं वेगळं. मानकऱ्यांना किंवा पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय पथारी टाकू नये. ते नाही म्हणाले तर देवावर ढकलून वाद घालू नये. एसटी स्टँडवर एक रात्र निघते, झोप निघत नाही. डास आणि कुत्री यांची ड्युटी तिथे रात्रीचीच असते.

उरतं घर. न्याहारी-निवास, होमस्टे, काय म्हणायचं ते म्हणा. पर्यटन महामंडळाने निवास-न्याहारी योजना काढली त्याच्याही आधीपासून आमच्याकडे लोक येऊन राहायचेच, फक्त पाटी नव्हती. पाच जणांनी मिळून एक मोठी खोली घ्या, जास्तीच्या गाद्या खाली टाका, जेवण घरचं सांगा. माणशी खर्च बघितलात तर आपल्या इथल्या पिझ्झ्याच्या एका संध्याकाळपेक्षा फार जास्त नाही होत. आधारकार्ड पाचही जणांचं न्या, ते नोंद करतातच. दर फोनवर ठरवा. रात्री दहाला दारात उभं राहून "काकी, थोडं कमी करा ना" म्हणू नका.

हे का सांगते? कमी करणं म्हणजे काय ते वहिनीकडे दिसतं. एका माणसामागे दोन चादरी, अभ्रा, टॉवेल. समुद्रात चार पोरं डुंबून आली की चार बादल्या गोडं पाणी आणि बाथरूमभर वाळू. आणि गोडं पाणी तिथे सोपं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम 1664 साली सुरू झालं, भर समुद्रातल्या खडकावर, तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आम्ही लहानपणी त्याचं फार कौतुक करायचो. आणि किनाऱ्यावर देवबागला, एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला कर्लीची खाडी, तिथल्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. तुमची स्वस्त रात्र कोणीतरी पहाटे पाचला उठून धुतं, एवढंच माझं म्हणणं. वहिनी कधी बोलणार नाही, म्हणून मी बोलते.

पण तिचा एक नियम आहे तोही सांगते. दोन वर्षांमागे एक मुलगी रात्री साडेदहाला एकटी दारात आली. नागपूरची. बुकिंग केलेल्या ठिकाणी तिची खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. माझ्या भावाने सवयीने दर सांगायला तोंड उघडलं, तर वहिनीने त्याला मागे ओढलं. म्हणाली, "बायलमाणूस राती दारात इला तर दर सांगूचो नाय. आधी घरात घेवचा, पाणी देवचा, मगे काय ता बोलूचा." ती मुलगी माजघरात झोपली, वहिनीच्या शेजारी. सकाळी तिने पैसे विचारले, वहिनीने घेतले, खोलीच्या दराच्या निम्मे. फुकट ठेवलं असतं तर ती परत आली नसती, असं वहिनीचं म्हणणं. ती परत आली, आईला घेऊन.

आता तो दुसरा प्रश्न. "तू कोणाचो?" जुन्या काळच्या कोकणी पाहुणचाराच्या गोष्टी आपण फार हळवे होऊन सांगतो. वाटसरू आला, ओटीवर पथारी दिली, गूळ-पाणी दिलं. दिलं, खरंच दिलं. पण आडनाव ऐकून दिलं. काहींना ओटी, काहींना खळं, आणि काहींना कुंपणाच्या बाहेरूनच वाट सांगितली. माझ्या आजीच्या घरात मी हे बघितलंय आणि माझी आजी वाईट बाई नव्हती. म्हणून पाटी लावून, दर लिहून, पैसे घेऊन खोली देणं म्हणजे पाहुणचार संपला असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही. दराला आडनाव नसतं. निदान नसायला पाहिजे. आपल्या पाच मुलांची पाच आडनावं पाच तऱ्हेची आहेत. एखाद्या ठिकाणी एकाचं आधारकार्ड बघून "खोली नाही" असं ऐकू आलं, तर बाकीच्या चौघांनी काय करायचं हे त्यांनी निघायच्या आधी ठरवावं. मी सांगणार नाही. मला त्यांचं उत्तर ऐकायचंय.

आयांनो, तुमच्यासाठी एवढंच. मुली जाणार असतील तर पहिल्या आणि शेवटच्या रात्रीची जागा नक्की करून जाऊ द्या, मधल्या दोन रात्री त्यांच्यावर सोडा. आमच्या घरचा नंबर पाचही जणांकडे आहे. रोज रात्री एक फोन, दहा नाही. दहा फोन केलेत तर मुलं अकरावा उचलत नाहीत, हा सदतीस वर्षांच्या शिक्षकीचा निष्कर्ष आहे.

दूध झालं वाटतं. पाच मिनिटं द्या, एक राहिलंय.

शिक्षकांवरून आठवलं. युरोपात जी यूथ होस्टेल्स आहेत, ती एका शाळामास्तरच्या डोक्यातून निघाली. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेले, वादळात सापडले, आणि एका गावच्या शाळेत त्यांनी रात्र काढली. त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात. पुढे 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं वसतिगृह झालं. रिकामी खोली आणि झोपायला जागा नसलेला माणूस यांची गाठ घालून दिली, एवढंच त्यांनी केलं.

आपण मालवणला स्वस्तात झोपायची चर्चा करतोय. मालवणची, कणकवलीची, बीडची, जळगावची मुलं आपल्याकडे येतात तेव्हा कुठे झोपतात? पोलीस भरतीच्या वेळचे फोटो तुम्ही पेपरात बघितलेत. फूटपाथवर, पुलाखाली, बुटांची पिशवी उशाला. पहाटे मैदानावर धावायचं, आणि रात्र अशी. माझा भाचा ठाण्याला भरतीला आला तो आपल्याकडे उतरला, कारण त्याला आत्या होती. त्याच्याबरोबर दोन मित्र होते. त्यांना मी घरात घेतलं, तर दुसऱ्या दिवशी मला विचारणा झाली की रजिस्टरमध्ये तीन नावं आहेत, पाहुणे किती दिवस आहेत. विचारणा करणं वॉचमनचं कामच आहे, त्यात त्याचं चुकलं नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा, मंडळी, लिफ्ट सुरू नव्हती, पाण्याचा टँकर यायचा, आणि लोडशेडिंगला अख्खी इमारत याच गच्चीवर झोपायची. कुणाचा पाहुणा कुणाच्या सतरंजीवर आहे हे कोणी मोजत नव्हतं. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. रजिस्टर असू दे.

माझी सूचना मी लेखी दिलीय, येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला आहे. तळमजल्यावर ऑफिसच्या मागची खोली रात्री रिकामी असते. भरतीच्या दिवसांत, जास्तीत जास्त दहा मुलांना, रात्री आठ ते पहाटे चार, ओळखपत्र आणि हॉल तिकीट बघून, रजिस्टरला नोंद करून ती द्यावी. मुली आल्या तर त्यांची सोय घरांत करावी. मी आणि बी विंगमधल्या दोघींनी नावं दिलीयत, आणखी हवीत. सुरक्षेचा मुद्दा निघेल, त्यावर वॉचमनशी मी बोललेय. तो स्वतः भरतीला दोनदा येऊन गेलेला आहे. विजेच्या बिलाचा मुद्दा निघेल, एका पंख्याचं बिल मी भरते. "आज दहा, उद्या शंभर येतील" हाही मुद्दा निघेल. त्याचं उत्तर, खोलीत दहाच मावतात.

संडास ऑफिसशेजारी आहे, त्याची कडी दुरुस्त करावी लागेल. सतरंज्या गणपतीच्या आहेत, बारा, मोजल्यात मी. खोलीची किल्ली सध्या पंपवाल्याकडे असते, ती त्याच्याकडून घेऊन आणखी एक करून घ्यायला लागेल.

चला, दूध घ्या.